सोन्याचे मांजर

धर्मशिक्षणाचा वर्ग सुटला, की मुले पाखरांसारखी उडून जातात. मागे कोणी रेंगाळले, तर त्याच्या मनात काही तरी सलते आहे असे खुशाल समजावे. गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी अशीच एक आठ वर्षांची मुलगी बाकाच्या टोकाशी उभी राहिली. प्रथम कम्युनियनची तयारी करणाऱ्या मुलांपैकी ती एक. वहीचा कोपरा दुमडीत आणि उलगडीत तिने आम्हांस विचारले, “फादर, सोन्याचं मांजर करायला किती पैसे लागतात?”

आम्हांस प्रथम हसू आले. पण तिचा चेहरा पाहताच ते ओठांवरच विरले. मग हळूहळू सारी हकीकत बाहेर आली. तिच्या घरी मांजर व्याली होती. तीन पिल्ले होती, आणि ती जेमतेम तीन आठवड्यांची झाली होती. भातलावणीचे दिवस असल्याने आईवडील शेतावर गेले होते, आजी आत पडून होती, आणि “पिल्लांकडे बघ हो” एवढे सांगून आईने या मुलीवर काम सोपवले होते. पिल्लांतले सर्वांत लहान, पांढरे पिल्लू चुलीच्या राखेत लोळून मळले. मुलीने ते परसात नेले, साबण लावून थंड पाण्याने स्वच्छ धुतले, रुमालात गुंडाळले आणि वाळावे म्हणून खिडकीत ठेवले. बाहेर पावसाची झड लागली होती. तिन्हीसांजेला आई परतली, तेव्हा पिल्लू गार पडले होते.

शेजारच्या एका आजीबाई सहज बोलून गेल्या, “मांजर मारलंस होय गं? आता सोन्याचं मांजर करून काशीला द्यायला हवं!” मोठी माणसे हसली आणि विसरली. मुलगी विसरली नाही. तिच्या डब्यात साठ रुपये साठले होते. तेवढ्यात सोन्याचे मांजर होत नाही, हे तिला कळत होते. आणि ते होईपर्यंत आपणांस कम्युनियन मिळणार नाही, अशी तिने मनाशी गाठ बांधली होती. तीन रात्री ती नीट झोपली नव्हती.

वाचकहो, हे बोलणे पापनिवेदनातील नव्हे. ते उघड्या वर्गात झाले, आणि तिच्या आईवडिलांच्या संमतीनेच आम्ही ते येथे लिहीत आहो.

आम्ही तिला जवळ बसवले. पाप म्हणजे काय, हे त्याच वर्गात आठ दिवसांपूर्वी शिकवले होते. तेच पुन्हा सांगितले. एखादी गोष्ट वाईट आहे हे ठाऊक असावे, आणि ठाऊक असूनही आपण ती आपल्या मनाने करावी, तेव्हा पाप घडते. ‘पिल्लू स्वच्छ व्हावे असे तुला वाटले, ते मरावे असे तुला वाटले नाही. देवाला तुझ्याकडून सोने नको आहे. तुझ्या कम्युनियनला कसलाही अडसर नाही.’ शेजारच्या आजींचीही आम्ही थट्टा केली नाही. जीव घेणे ही लहान गोष्ट नव्हे, हेच आपल्या पूर्वजांनी त्या सोन्याच्या मांजराच्या रूपाने सांगून ठेवले आहे.

मुलीच्या मनावरचे ओझे उतरलेले दिसले. जाताना मात्र दाराशी वळून तिने विचारले, “मग चूक कुणाची, फादर?”

या प्रश्नाचे उत्तर आम्ही तिला दिले नाही, कारण ते तिच्यासाठी नव्हते. ते तुमच्या-आमच्यासाठी, म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांसाठी आहे. आपण लेकराच्या हाती एक जिवंत प्राणी देतो, त्याच्यावर प्रेम कर म्हणून सांगतो, आणि प्रेम कसे करावे ते मात्र शिकवीत नाही. ‘मांजराचा होतो खेळ, उंदराचा जातो जीव’ अशी आपली म्हण आहे. कित्येक घरांत खेळ मुलाचा होतो आणि जीव मांजराचा जातो. आणि दोष द्यायचाच झाला, तर तो ना मुलाचा असतो ना मांजराचा. पिल्लाची राखण हे मोठ्यांचे काम आहे. मुलाने त्यात हातभार लावावा. त्याच्यावर ते सोपवून आपण मोकळे होऊ नये.

प्रथम पिल्लाची प्रकृती समजून घेऊ. जन्मतः मांजराचे पिल्लू सुमारे शंभर ग्रॅम वजनाचे असते. म्हणजे मोठ्या लिंबाएवढे जड. डोळे मिटलेले, कानही बंद. सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान डोळे उघडतात. पहिले तीन-चार आठवडे त्याला आपल्या शरीराची ऊब स्वतः नीट राखता येत नाही. आईचे अंग आणि भावंडांचे अंग हीच त्याची चूल. त्याला शौचास किंवा लघवीस व्हावे म्हणूनही आईला त्याचे अंग चाटावे लागते. अशा जीवाला थंड पाण्याने धुणे म्हणजे काय, हे आता वेगळे सांगावयास नको. लहान पिल्लाला आंघोळ घालूच नये. मळलेच तर कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने तेवढीच जागा पुसावी, लगेच कोरडे करावे आणि आईच्या कुशीत ठेवावे. बाकीची स्वच्छता त्याची आई कोणाहूनही चांगली करते.

पहिले दोन आठवडे मुलांनी पिल्लांना फक्त दुरून पाहावे. मांजर आपली पिल्ले सात घरे हिंडवते, असे आपल्याकडे म्हणतात. त्याचे एक कारण हेच, की माणसांची फार हाताळणी आणि गलबला झाला, की तिला ती जागा सुरक्षित वाटत नाही; मग ती पिल्ले तोंडात धरून माळ्यावर, गवताच्या गंजीत, कधी रस्त्यापलीकडे नेते, आणि त्या धावपळीत एखादे पिल्लू मागे राहते. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र माणसाचा हळुवार स्पर्श पिल्लाच्या हिताचा असतो. दोन ते सात आठवड्यांच्या वयात ज्या पिल्लाला माणसांची सवय होते, ते पुढे माणसाळलेले आणि शांत निघते. ज्याला या वयात केवळ आरडाओरडा आणि ओढाताण मिळते, ते पुढे ओरबाडणारे निघते. यास्तव मुलाने हात लावू नये असे नव्हे. हात कसा लावावा हे त्याला शिकवावे.

आता मुलांकडे वळू. तीन-चार वर्षांच्या आतील मुलाला आपल्या मुठीच्या जोराची कल्पना नसते. ते पिल्लाला आवळते ते प्रेमानेच आवळते, आणि सोडते तेही नकळत, उभ्या उभ्या. अशा मुलाला पिल्लासह एकटे सोडणे म्हणजे दोघांनाही संकटात टाकणे होय. मोठ्या माणसाने मुलाला मांडीवर घ्यावे, पिल्लू आपल्या हाती ठेवावे, आणि मुलाचा तळवा आपल्या हातात धरून पाठीवरून एकदोनदा फिरवावा. तेवढेच पुरे.

पाच वर्षांपुढील मुलाला चार नियम सांगावे, आणि ते घरातील सर्वांनी पाळावे. पहिला, पिल्लू घ्यायचे ते जमिनीवर बसूनच. म्हणजे निसटले तरी उंचावरून पडत नाही. दुसरा, एक हात छातीखाली आणि एक हात मागल्या पायांखाली. मानेला, शेपटीला किंवा एका पायाला धरून उचलायचे नाही. आई मानेला धरून नेते हे खरे, पण ती कुठे आणि किती जोराने धरावे हे जाणते; आपले मूल ते जाणत नाही. तिसरा, पिल्लू झोपले असेल, खात असेल किंवा आईचे दूध पीत असेल तर त्याला उठवायचे नाही. चौथा, पिल्लू सुटू पाहू लागले, कान मागे घेतले, शेपटी आपटू लागले, की तत्क्षणी सोडायचे. हा चौथा नियम सर्वांत कठीण आणि सर्वांत मोलाचा आहे. ‘मला हवे आहे, पण तुला नको आहे, म्हणून मी हात आवरतो,’ हे जे मूल मांजराच्या पिल्लापाशी शिकले, ते पुढे धाकट्या भावंडाशी, वर्गातील दुबळ्या सोबत्याशी आणि कालांतराने आपल्या संसारातही तसेच वागेल, अशी आशा आपण धरू शकतो.

पिल्लाला घरात एक अशी जागा हवी, की जिथे मुलाचा हात पोहोचत नाही. यास खर्च नाही. एखादी टोपली किंवा खोके घ्यावे, त्यात जुने लुगडे अंथरावे, आणि ते न वर्दळीच्या कोपऱ्यात, ओलीपासून दूर ठेवावे. पिल्ले उड्या मारू लागली, की खाटेखाली किंवा कपाटावर त्यांना पळून जाता येईल अशी वाट ठेवावी. ‘पिल्लू टोपलीत गेले, की ते त्याच्या घरी गेले, तेथून कोणी काढायचे नाही,’ हा नियम घरातील पाहुण्यांच्या मुलांनाही सांगावा. त्याला झाकणाची पेटी किंवा डबा मात्र कदापि देऊ नये. ऊब मिळावी म्हणून मुले पिल्लाला पेटीत ठेवून वर झाकण लावतात, आणि आत हवा उरत नाही.

आपल्या खेड्यातील घरात पिल्लाला धोके कोठे असतात, तेही एकदा घर फिरून पाहावे. विझलेली चूल उबदार असते, म्हणून पिल्ले राखेत जाऊन झोपतात. सकाळी काटक्या घालण्यापूर्वी चुलीत हात घालून पाहावा. पाण्याचे पिंप आणि हौद झाकलेले असावे. दार लोटताना बिजागरीच्या बाजूस पिल्लू नाही ना, पाळणा झुलवताना खाली नाही ना, दुचाकी किंवा ट्रॅक्टर सुरू करताना चाकापाशी नाही ना, हे पाहण्याची सवय मुलांनाच लावावी. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही, आणि हे काम त्यांना आवडते. शिवणाचा दोरा, गजऱ्याचा दोरा, रबराचे वेढे ही पिल्लाची आवडती खेळणी; पण दोरा गिळला गेला तर तो आतडी आवळून टाकतो. दोरा तोंडातून किंवा मागून बाहेर लोंबताना दिसला, तर तो ओढू नये. जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावे.

अन्नाविषयी एक जुना गैरसमज दूर करणे अवश्य आहे. मांजर म्हटले की गाईच्या दुधाची वाटी, हे चित्र आपल्या मनात बालभारतीच्या वयापासून बसलेले आहे. परंतु मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या सुमारे दुप्पट पोषक प्रथिने असतात, आणि गाईच्या दुधातील साखर पुष्कळ मांजरांना पचत नाही. पिल्लांना त्याने हगवण लागते, आणि एवढ्याशा देहातील पाणी हगवणीने एका दिवसात आटते. पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत ते आईपाशीच राहू द्यावे. बारा आठवडे राहिले तर अधिक चांगले. ‘एक पिल्लू आम्हांला द्या’ म्हणून शेजारी घाई करू लागले, तर त्यांना नम्रपणे थांबवावे. चौथ्या आठवड्यापासून काटे काढून उकडलेली मासळी, कुस्करलेले उकडलेले अंडे किंवा शिजवलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे द्यावे. मीठ, मसाला नको. कांदा आणि लसूण तर नकोच नको, कारण त्यांनी मांजराचे रक्त बिघडते. म्हणून आमटीत कालवलेला भात त्याच्यापुढे टाकू नये.

येथे आमच्या वाचकांना एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. चाळीस दिवसांच्या उपवासकाळात कित्येक घरांत मांस-मासळी शिजत नाही, आणि मग मांजरही त्या काळात दूधभातावर राहते. उपवास आपला आहे, मांजराचा नव्हे! टॉरिन नावाचे एक पोषक द्रव्य मांजराला मांस-मासळीतूनच मिळते. ते दीर्घकाळ न मिळाल्यास त्याची दृष्टी आणि हृदय यांना इजा होते. आपण स्वेच्छेने त्याग करावा. मुक्या प्राण्यावर तो लादू नये.

औषधांच्या बाबतीत तर फारच सावध असावे. पिल्लाला ताप वाटला म्हणून घरातील पॅरासिटामॉलची गोळी किंवा मुलाचे तापाचे औषध दिले, तर मांजर मरते. अर्धी गोळीही प्राणघातक ठरू शकते. गुरांच्या किंवा कुत्र्याच्या गोचिडांवरची पावडर आणि औषधे मांजराला लावू नयेत. त्यांतील पुष्कळ औषधे मांजराला विषासारखी बाधतात. फिनाइलने जमीन पुसली असेल तर ती पुरती वाळेपर्यंत पिल्लाला तेथे सोडू नये, कारण पायाला लागलेले फिनाइल ते चाटून पोटात घेते. उंदराच्या विषाविषयी तर सांगणेच नको: जे पिल्लाच्या तोंडी लागेल ते रांगत्या मुलाच्याही तोंडी लागेल.

आता दुसरी बाजू. पिल्लापासून मुलाला काही धोका नाही असे म्हणणे खरे होणार नाही, आणि हा या लेखातील सर्वांत गंभीर भाग आहे. मांजराच्या चाव्याने किंवा ओरबाडण्याने रेबीज, म्हणजे ज्यास आपण पिसाळरोग म्हणतो तो, होऊ शकतो. तो केवळ कुत्र्यापासूनच होतो असे नाही. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, की जवळजवळ कोणीही वाचत नाही. परंतु लक्षणे दिसण्यापूर्वी वेळेवर उपचार केला, तर रोग निश्चितपणे टाळता येतो. १८८५ सालच्या ६ जुलै रोजी लुई पाश्चर यांनी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलावर आपल्या लशीचा प्रथम प्रयोग केला, आणि तो मुलगा जगला. पाश्चर २८ सप्टेंबर १८९५ रोजी निवर्तले. तोच दिवस आता जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो.

म्हणून मुलाला चावले किंवा ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर चुना, हळद, तिखट, रॉकेल यांतील काहीही लावू नये; घट्ट पट्टी बांधू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, ही भीती पुष्कळांच्या मनात अजून आहे. ते दिवस केव्हाच गेले. आता ठरलेल्या दिवशी चार-पाच वेळा दंडात, आणि अगदी लहान मुलांना मांडीत, लस टोचतात. रक्त आले असेल तर जखमेतही एक वेगळे औषध टोचावे लागते. पहिल्या टोचणीनंतर ‘आता बरे आहे’ म्हणून पुढच्या चुकवू नयेत. घरच्या मांजराला तीन महिन्यांचे झाल्यावर गुरांच्या दवाखान्यात नेऊन रेबीजची लस द्यावी, आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे देत राहावी. पिल्लांना जंतांचे औषधही तेथेच विचारून द्यावे.

परंतु आईबापांनो, या साऱ्या उपचाराच्या आधी एक गोष्ट घडावी लागते. मुलाने घरी येऊन ‘मला मांजराने ओरबाडले’ असे सांगावे लागते. आणि मूल ते केव्हा सांगेल? सांगितल्यावर पाठीत धपाटा बसणार नाही, अशी त्याची खात्री असेल तेव्हाच. ‘कितीदा सांगितलं, त्याच्या नादी लागू नकोस!’ म्हणून ज्याला एकदा मार बसला, ते मूल पुढच्या वेळी सदऱ्याची बाही खाली ओढून ओरखडा लपवील. त्या लपवलेल्या ओरखड्याची किंमत काय होऊ शकते, याचा विचार करा. त्या आठ वर्षांच्या मुलीने तीन रात्री आपले दुःख पोटात ठेवले, तेही याच भयाने. ज्या घरात मूल आपली चूक न भिता सांगू शकते, त्या घरात मूलही सुरक्षित असते आणि पिल्लूही. पापनिवेदनाच्या संस्काराची गोडी मुलाला आधी घरातच लागते. खरे सांगितल्यावर माफी मिळते, हे त्याने आईच्या पदराशी अनुभवलेले असावे लागते.

आणखी दोनचार सूचना. पिल्लाच्या अंगावर गोल चकत्यांसारखे केस गेलेले दिसले, तर तो नायटा असू शकतो आणि तो मुलांना लागतो. उपचार होईपर्यंत मुलांना दूर ठेवावे. पिल्लाला हाताळल्यावर आणि जेवण्यापूर्वी हात साबणाने धुवावे. घरातील गरोदर स्त्रीने मांजराची विष्ठा काढू नये. त्या विष्ठेतून एक रोग पोटातील बाळाला बाधू शकतो. दुसऱ्या कोणी ती रोजच्या रोज काढून पुरावी, कारण ताज्या विष्ठेतील तो जंतू बाधक होण्यास किमान एक दिवस लागतो. तान्ह्या बाळाच्या खोलीत मांजराला एकटे सोडू नये. मांजर बाळाचा श्वास ओढते, ही समजूत खोटी आहे. पण उबेसाठी ते बाळाच्या तोंडाशी येऊन झोपू शकते, तेवढा धोका खरा आहे. पाळण्याला मच्छरदाणी लावावी आणि दार लोटून घ्यावे.

शेवटी नको असलेल्या पिल्लांविषयी लिहिणे भाग आहे. मांजर चार-सहा महिन्यांची झाली, की गाभण राहू शकते; गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा, आणि वर्षातून दोनतीन वेळा ती विते. मग एके दिवशी पिल्ले पोत्यात घालून बाजारात, ओढ्याकाठी किंवा (सांगण्यास खेद होतो) चर्चच्या आवारात आणून सोडली जातात. हे बहुधा मुले शाळेत गेल्यावर करतात. संध्याकाळी मूल विचारते, “पिल्लं कुठं गेली?”, आणि त्याला खोटे सांगावे लागते. १९६० सालच्या कायद्याने पाळीव प्राण्याला असे टाकून देणे हा अपराध ठरवला आहे. पण कायद्याचे राहू द्या. एकाच कृत्यात आपण क्रूरताही करतो आणि लेकराशी असत्यही बोलतो. यावर उपाय आहे. मांजरीवर वेळीच शस्त्रक्रिया करून घेतली, की हा प्रश्नच उद्भवत नाही. आसपासच्या चारपाच घरांनी मिळून गुरांच्या डॉक्टरांशी बोलावे, आणि एका गाडीतून सर्व मांजरी न्याव्या. खर्च वाटला जातो.

कोणी म्हणेल, धर्मगुरूंनी मांजरांवर इतकी शाई का खर्चावी? बायबलमध्ये मांजराचा उल्लेख बहुधा एकदाच येतो, बारूखच्या सहाव्या अध्यायात, आणि तोही ओझरता. परंतु नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात सज्जनाची जी लक्षणे आहेत, त्यांत आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेणे हेही एक आहे. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्विनास यांनी एक इशारा देऊन ठेवला आहे: जो मनुष्य प्राण्यांशी क्रूरपणे वागण्यास सरावतो, तो पुढे माणसांशीही तसाच वागू लागतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या श्रद्धाग्रंथातही, प्राण्यांना विनाकारण यातना देणे हे मानवाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे शिकवले आहे. आणि त्याच ठिकाणी माणसाला द्यावयाचे प्रेम प्राण्याला देऊ नये, अशीही समज दिली आहे. दोन्ही शिकवणी एकत्र घ्याव्या. रोमचे संत फिलिप नेरी १५८३ साली आपले जुने निवासस्थान सोडून गेले, तेव्हा तेथे मागे राहिलेल्या मांजराला खाऊ घालण्यास ते शिष्यांना पाठवीत, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. एवढ्या थोर मनुष्याला एका मांजराची आठवण ठेवण्यास सवड होती!

असो. तुम्ही विचाराल, त्या मुलीचे पुढे काय झाले? त्याच आठवड्यात आम्ही तिच्या घरी गेलो. तिच्या आईवडिलांशी तिच्या देखत बोललो, आणि वडिलांनी तिला जवळ घेऊन म्हटले, “चूक आमची होती बाळ. आम्ही तुला शिकवलं नाही.” आमच्या दहा प्रवचनांहून त्या दोन वाक्यांनी अधिक काम केले. तिने आपले साठ रुपये पुढे केले. सोन्याचे मांजर त्यात होणार नव्हते. पण वडिलांनी त्यात थोडी भर घातली, आणि बुरुडाकडून एक ऐसपैस टोपली आली. उरलेली दोन पिल्ले त्या टोपलीत वाढली. नाताळाआधी त्यांतले एक मावशीच्या घरी गेले; तेही टोपलीच्या चारही नियमांसह.

प्रथम कम्युनियननंतर आम्ही पुन्हा त्या घरी गेलो, तेव्हा तिचा तीन वर्षांचा भाऊ दोन्ही हात पुढे करून टोपलीकडे धावत होता. मुलगी अभ्यास करीत बसली होती. वहीतून मान वर न करताच ती म्हणाली, “आधी खाली बस.”

तो बसला.